आईच्या साक्षीची नक्कल

आईची वाचा गेली ती एका सकाळी, चहा गाळता गाळता. पातेलं ओट्यावर ठेवून ती खाली बसली आणि मी काय होतंय म्हणून विचारलं, तर तिच्या तोंडून आलं त्यात शब्दच नव्हते. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर ती हळूहळू काठी घेऊन चालायला लागली, डाव्या हाताने जेवायला लागली. बोलणं मात्र परतलं नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढे दोन शब्द तिच्याकडे राहिले होते, आणि तेही कधी कधी अदलाबदल होऊन यायचे. मग ती स्वतःवरच चिडून मान झटकायची.

डोंबिवली पूर्वेला आमच्या घराजवळच एक स्पीच थेरपिस्ट बसतात. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण आईशी बोलताना त्या कधी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलल्या नाहीत, म्हणून मला आवडल्या. त्यांनी मला समजावलं की आईला सगळं कळतं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. चित्रांची कार्डं दाखवली की आई कंटाळायची. केळं, छत्री, मांजर. एकदा तिने छत्रीचं कार्ड सरळ उलटं करून टेबलावर ठेवलं. तेव्हा थेरपिस्ट मला म्हणाल्या की हिच्याच आयुष्यातलं, हिनेच कधी सांगितलेलं काही असेल तर आणा. आपण ते वाचायचं, मध्येच थांबायचं, पुढचा शब्द हिला शोधू द्यायचा. स्वतःच्या वाक्याची वाट माणसाला ओळखीची असते.

घरी येऊन मी शोधायला लागले तर काहीच नव्हतं. आई चाळीस वर्षं औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिने कधी कुणाला पत्र लिहिलं नाही, डायरीचा तर प्रश्नच नव्हता. माझ्या फोनमध्ये तिचे आवाजी मेसेज होते, पण ते सगळे ‘पोचलीस का’ आणि ‘येताना कोथिंबीर आण’ असले. रात्री जेवताना मी हे भावाला सांगितलं. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. ताटातला भात संपवत तो सहज म्हणाला, “कोर्टात बोललेली ना ती. ते तर लिहून घेतलं असेल.” आणि हात धुवायला उठला.

मी ताटावर तशीच बसून राहिले. आई पलंगावरून आमच्याकडे बघत होती.

तेव्हा आम्ही कळव्याला चाळीत राहायचो. शेजारच्या खोलीत एक नवीन लग्न झालेली बाई आली होती. मला ती आठवते ती गॅलरीत उकिडवी बसून तांदूळ निवडताना. मला हाक मारून ती कच्चे तांदूळ खायला द्यायची. एका दुपारी ती पेटलेल्या साडीनिशी खोलीतून बाहेर आली. आई त्या दिवशी घरी होती. तिने पलंगावरची गोधडी ओढली, तिला त्यात गुंडाळलं आणि गॅलरीतच तिला घेऊन बसली. तिथे ती बाई आईला म्हणाली की नवऱ्याने पेटवलं. दोन दिवसांनी ती सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वारली. घरचे म्हणाले, स्टोव्हचा भडका उडाला. चाळही म्हणाली, स्टोव्हचा भडका उडाला. आईने पोलिसांना जे ऐकलं ते सांगितलं, आणि पुढे ठाण्याच्या कोर्टात उभी राहून तेच सांगितलं. नवऱ्याला शिक्षा झाली, सासू सुटली. त्यानंतर चाळीत आमच्याशी कुणी बोलेना. पाण्याच्या रांगेत आईची कळशी बाजूला सरकवली जायची. बाबांनी डोंबिवलीत खोली बघितली आणि आम्ही निघून आलो.

एवढं मला माहीत होतं. आई कोर्टात नेमकं काय बोलली, ते ना तिने कधी सांगितलं, ना आम्ही विचारलं. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर आईजवळ बसले आणि विचारलं की तुझी साक्ष मी कोर्टातून काढून आणू का. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “हो.” मी खात्री करायला उलटं विचारलं, की नको का आणू. ती म्हणाली, “नाही.” दोन्ही शब्द त्या दिवशी आपापल्या जागी होते.

मी शाळेत भूगोल शिकवते. कोर्टाशी माझा कधी संबंध आला नव्हता. आधी मी कॉम्प्युटरवर कोर्टाच्या वेबसाइटवर शोधलं. आरोपीचं आडनाव घातलं, जिल्हा ठाणे निवडला. नव्या नव्या खटल्यांची लांबलचक यादी आली. त्यात चेक न वटल्याचे, भाडेकरूंचे, अपघातांचे. इतका जुना खटला तिथे नव्हताच. म्हणून एका शनिवारी, शाळा सकाळची असते आणि कोर्ट चालू असतं असा शनिवार बघून, मी ठाण्याला गेले. टेंभी नाक्यावर नवरात्रीचा मांडव घातलेला, म्हणून रिक्षावाल्याने मला आतल्या गल्ल्यांतून फिरवून कोर्ट नाक्याला सोडलं.

आत गेल्यावर मला सगळ्यात आधी कळलं ते हे की तिथे प्रत्येक जण घाईत असतो आणि प्रत्येक जण थांबलेलाही असतो. मी चौकशीच्या खिडकीवर विचारलं, त्यांनी नक्कल विभागात पाठवलं. कोर्टातल्या कागदाची प्रमाणित प्रत म्हणजे नक्कल, आणि ती मिळायची जागा ही. तिथल्या बाईंनी माझं पुरतं ऐकून घेतलं आणि खटल्याचा नंबर मागितला. माझ्याकडे नंबर नव्हता. मग त्या म्हणाल्या की नंबर आणि वर्ष नसेल तर आधी शोधाचा अर्ज द्या, रजिस्टरमध्ये सापडलं तर नंबर मिळेल, मग नकलेचा अर्ज, आणि तोही कागद शिल्लक असतील तर. जुने कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. गंभीर खटल्यांचे जास्त काळ ठेवतात, पण त्याची खात्री त्यांनी मला दिली नाही. त्यांचं बोलणं कोरडं होतं, तरी त्यांनी काही लपवलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

मी शोधाचा अर्ज लिहिला. कोर्ट फीचा स्टॅम्प लावला. आरोपीचं आडनाव, पोलीस स्टेशन आणि घटनेचं वर्ष घातलं. काही आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हा अर्जावर शेरा होता: आढळून आले नाही.

भाऊ म्हणाला, जाऊ दे ताई. त्याचं चूक नव्हतं. आईला अंघोळ घालायला येणारी बाई त्या आठवड्यात आजारी पडली होती, माझे पेपर तपासायचे राहिले होते, आणि त्यात मी असला कागद शोधत हिंडत होते जो असेल की नाही तेही कुणाला माहीत नव्हतं. पण ते ‘आढळून आले नाही’ माझ्या डोक्यात बसलं. आई तिथे उभी राहिली होती. पोटुशी होती तरी उभी राहिली होती. मी बाबांचं बोट धरून बाहेरच्या बाकावर बसले होते, हे मला आठवतं. मग ते आढळत कसं नाही?

कोर्टासमोर एका जुन्या इमारतीत एक वकीलबाई बसतात. शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि लगेच चूक दाखवली. मी घटनेचं वर्ष घातलं होतं. खटल्याला नंबर मिळतो तो सेशन्स कोर्टात दाखल होतो त्या वर्षाचा, आणि पोलीस तपास, खालचं कोर्ट यांत त्या काळी वर्ष दोन वर्षं सहज जायची. साक्ष कधी झाली ते सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं.

ते मला सांगता येणार होतं. घरी येऊन मी आईला विचारलं, “तू कोर्टात गेलीस तेव्हा हा पोटात होता ना?” आणि भावाकडे बोट दाखवलं. आईने भावाकडे बघितलं, पोटावर हात ठेवला आणि बऱ्याच महिन्यांनी हसली. भावाचं जन्मसाल आम्हाला पाठ होतं. ते आणि त्याच्या आधीचं, अशी दोन वर्षं घालून मी नवा अर्ज दिला. त्या दिवसापासून भाऊ मला ‘जाऊ दे’ म्हणाला नाही. पुढच्या वेळी अर्जाचं काय झालं ते बघायला तोच गेला आणि तिथूनच मला फोन केला. नंबर मिळाला होता. कागदही रेकॉर्ड रूममध्ये होते.

मला वाटलं, झालं. आता नकलेचा अर्ज द्यायचा आणि प्रत घ्यायची. पण नक्कल विभागातल्या बाईंनी माझा अर्ज वाचून विचारलं की तुम्ही खटल्यातल्या कोण. मी म्हटलं, कोणीच नाही, माझी आई साक्षीदार होती. त्या म्हणाल्या की मग तुम्ही तिऱ्हाईत झालात. आरोपीला किंवा सरकार पक्षाला नक्कल मागता येते. तिऱ्हाईताला कारण सांगावं लागतं, प्रतिज्ञापत्रावर, आणि साहेबांचा हुकूम लागतो.

तिऱ्हाईत हा शब्द मला लागला. पण कायद्याने ते खरंच होतं. वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र तयार केलं. कारणाच्या जागी काय लिहायचं यावर आमचा थोडा वाद झाला. त्यांना ‘वैद्यकीय उपचारासाठी’ एवढंच हवं होतं. मला सगळं लिहायचं होतं. शेवटी दोन्ही लिहिलं, आणि थेरपिस्टनी दिलेलं पत्र सोबत जोडलं.

अर्ज न्यायाधीशांसमोर निघाला तेव्हा जेवणाच्या सुट्टीची वेळ होत आली होती. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवून वाचणाऱ्या. वकीलबाईंनी दोन वाक्यांत अर्ज सांगितला. न्यायाधीशांनी थेरपिस्टचं पत्र वाचलं, मग मान वर करून मला पुढे बोलावलं. इतक्या जुन्या खटल्यातल्या साक्षीचा मला नेमका उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. मी शाळेत रोज पन्नास मुलांसमोर बोलते, पण तिथे मला दोनच वाक्यं सुचली.

मी म्हटलं, “मॅडम, ती आता बोलू शकत नाही. तिचं स्वतःचं बोलणं एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.”

त्यांनी अर्जावर पुन्हा नजर टाकली. मग म्हणाल्या, “साक्षीदार हयात आहेत, त्यांना समजतं, असं इथे लिहिलंय. मग अर्ज त्यांचा का नाही? बोलणं त्यांचं आहे, तर मागू दे त्यांनाच.”

अर्ज त्यांनी फेटाळला नाही. आईच्या नावाने नवा द्यायची मुभा दिली. वकीलबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या की हे चांगलंच झालं. मला मात्र आधी नुसता थकवा आला. मग कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर चहा पिताना वाटलं, इतके महिने मी सगळ्यांना सांगत होते की तिला सगळं कळतं, आणि अर्ज मात्र माझ्या नावाने घेऊन फिरत होते.

आईला सांगितलं तेव्हा तिने उजव्या हाताकडे बघितलं. तो हात मांडीवर पडून असायचा. मी म्हटलं, अंगठा चालेल, तसं लिहून देता येतं. ती म्हणाली, “नाही.” आणि टेबलावरचं माझं लाल पेन उचललं.

कंपनीत पगाराच्या वेळी सही करणाऱ्या पहिल्या बायकांत आई होती. बाकीच्या अंगठा उठवायच्या. तिने लहानपणी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकून घेतलेलं, आणि सहीचा तिला फार अभिमान. आता डाव्या हाताने ती अक्षरं काढायला बसली. पहिल्यांदा नुसत्या रेघा आल्या. जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजू ती भरत गेली; दुपारी मी शाळेत असताना, संध्याकाळी टीव्ही चालू असताना. मी दुरुस्त करायला गेले की हात बाजूला सारायची. हळूहळू तिच्या नावाचं पहिलं अक्षर उभं राहिलं, मग दुसरं. आडनाव शेवटपर्यंत वाकडंच राहिलं, पण ते आडनाव आहे हे कुणालाही वाचता आलं असतं.

तिला ठाण्याला न्यायला भावाने मित्राची गाडी आणली. आम्ही शिळफाट्यावरून, मुंब्र्याच्या बायपासने कळव्यात शिरलो. आमची चाळ होती तिथे आता उंच बिल्डिंग आहे आणि खाली मेडिकलचं दुकान. मी आईला दाखवलं. तिने बघितलं, आणि पुढे रस्त्याकडे बघायला लागली. खाडीचा पूल ओलांडला की कोर्ट नाका. गाडीतून उतरताना तिने काठी मागितली आणि माझा हात सोडला.

प्रतिज्ञापत्र करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी तिचं आधार कार्ड बघितलं. मग नियमाप्रमाणे तिला विचारायला हवं होतं की यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे का. ते मलाच विचारायला लागले, तेव्हा वकीलबाईंनी त्यांना थांबवून आईकडे हात केला. त्यांनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. “हे तुमचंच म्हणणं आहे?”

आईचे ओठ हलले. त्या क्षणी चुकीचा शब्द आला तर सगळं अडकणार होतं, आणि तिलाही ते माहीत होतं. ती थांबली. घाई केली नाही. मग म्हणाली, “हो.” आणि टेबलाला रेलून, डाव्या हाताने, सही केली.

हुकूम झाला. नक्कल मिळायला आणखी काही दिवस गेले, कारण जुने कागद झिजलेले होते आणि ते जपून सोडवावे लागले. आणायला मीच गेले. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का नीट उमटला आहे का ते बघून कागद माझ्या हातात दिले आणि आई कशा आहेत, असं विचारलं. मी वाटेत वाचलं नाही. पिशवी मांडीवर धरून घरी आले.

थेरपिस्टना मी सांगितलं होतं की पहिलं वाचन घरी करू. आई पलंगावर बसली, भाऊ दारात उभा राहिला. टाइप केलेली अक्षरं पुसट होती, पण मराठीत होती. आईचं नाव, वय, धंदा नोकरी, राहणार कळवा. त्याखाली लिहिलं होतं: मी प्रतिज्ञेवर सांगते की. बाकीचे साक्षीदार ईश्वराची शपथ घेऊन बोलतात; आई विहारात जाणारी, तिने प्रतिज्ञा घेतली होती. मी तिथेच थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. “मी प्रतिज्ञेवर…” मी पुन्हा म्हटलं.

“सांगते,” आई म्हणाली.

भाऊ आत येऊन खाली बसला. मी रडले नाही, कारण मला पुढचं वाचायचं होतं.

सगळं तिथे होतं. गोधडी होती. बाईच्या हातातल्या बांगड्या तापल्या होत्या म्हणून आईने त्या कापडाने धरून फोडल्या, हे होतं. ते आम्हाला कधीच माहीत नव्हतं. ‘तिने मला सांगितले की नवऱ्याने रॉकेल टाकून पेटवले. ती पूर्ण शुद्धीत होती. मी तिला दोनदा विचारले, कारण मला नीट ऐकायचे होते.’ आईची वाक्यं कोर्टाच्या भाषेत बसवली होती, तरी ‘मला नीट ऐकायचे होते’ हे तिचंच. अजूनही ती कुणी काही सांगायला लागलं की टीव्हीचा आवाज बंद करायला लावते.

मग एक ओळ आली. ‘त्या वेळी गॅलरीत आणखी कोण होते ते मला आठवत नाही.’

“नाही,” आई म्हणाली.

मला वाटलं, शब्दांची अदलाबदल झाली. मी पुन्हा वाचलं. तिने कागदावर बोट ठेवलं, त्याच ओळीवर, आणि पुन्हा म्हणाली, “नाही.” मी विचारलं की चुकीचं लिहिलंय का. नाही. मग तुला आठवत होतं का? हो. कोणी होतं तिथे? हो.

मी एकेक नाव घेत गेले. आमच्या समोरच्या खोलीत एक काकी राहायच्या. त्यांचा नवरा दारू प्यायचा आणि त्यांच्या घरातले आवाज सगळ्या चाळीला पाठ होते. त्यांचं नाव घेतल्यावर आईने डोळे मिटले आणि म्हणाली, “हो.”

म्हणजे काकींनी ऐकलं होतं. त्या गॅलरीतच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं, आणि नंतर चाळीबरोबर त्याही स्टोव्ह म्हणाल्या. आईने त्यांचं नाव घेतलं असतं तर त्यांनाही समन्स गेलं असतं. आईने प्रतिज्ञेवर बाकी सगळं सांगितलं आणि हे एवढं सांगितलं नाही.

भाऊ म्हणाला, “पण काकींनी तरी पुढं आपल्याशी बोलायचं ना.” त्याचा आवाज चढला होता. मलाही तेच वाटत होतं. मी आईला विचारलं की का नाही सांगितलंस.

याचं उत्तर तिला नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून देता येणार नव्हतं. ती शब्द शोधायला लागली. गळ्याची शीर ताणली, तोंड उघडलं, मिटलं. मला मदत करावीशी वाटली, पण थेरपिस्टनी शिकवल्याप्रमाणे मी गप्प बसले.

“पोरं,” आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी स्पष्ट, “तिची.”

काकींना लहान लहान मुलं होती. त्या नवऱ्याच्या घरात राहून त्यांनी दुसऱ्याच्या नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभं राहायचं, हे कसं झालं असतं, ते आईने तेव्हाच जोखलं असावं. मूल तर तिलाही होतं, दुसरं पोटात होतं. ते मी बोलले नाही. तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

भाऊ उठून खिडकीशी गेला. आई त्याच्या पाठीकडे बघत होती. तो परत येऊन बसेपर्यंत तिने वाट बघितली. मग पुढचं पान माझ्याकडे सरकवलं. आरोपीच्या वकिलाचा उलटतपास तिथून सुरू होत होता, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर एकाच तऱ्हेने सुरू होत होतं: हे म्हणणे खरे नाही की. हे म्हणणे खरे नाही की मी त्या वेळी कामावर होते. हे म्हणणे खरे नाही की आमचे पाण्यावरून भांडण होते.

“हे म्हणणे खरे…” मी वाचलं आणि थांबले.

“नाही,” आई म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.